आधी पाय, मग राग

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीच्या वाटेवरचा सगळ्यात दमवणारा टप्पा. तीसेक किलोमीटरची चाल, मध्ये दिवे घाट, आणि तिथीनं बहुधा एकादशी, म्हणजे वर उपवास. माणसं चिडतात ती याच दिवशी. दुपारनंतर दिंडीत कुणी कुणावर खेकसलं तर मी आधी त्याचे पाय बघतो. चिडण्याचं कारण बहुतेक वेळा तिथंच सापडतं.

फोड येतो तो घासण्यानं आणि ओलाव्यानं. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, कातडी मऊ पडते आणि बुटाच्या कडेला सोलते. एखादी जागा चुरचुरायला लागली की तिथंच बसायचं, पाय कोरडा करायचा, सुरकुती न पडू देता चिकटपट्टी लावायची. ‘मुक्कामावर बघू’ म्हणणाऱ्याला मुक्कामावर फोडच बघायला मिळतो. तो टचटचला असेल तर निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढावं. वरची कातडी ओढू नये, तीच फुकटची पट्टी. मधुमेह असेल तर सुई लावूच नये, सरळ वैद्यकीय पथक गाठावं. मांड्या घासतात त्यांनी निघण्याआधीच व्हॅसलीन लावावं.

घामावाटे मीठही जातं, त्यामुळे नुसतं पाणी पिऊन भागत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उपवासाला सैंधव चालतं, तेव्हा एकादशीची सबब सांगू नये.

सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं आणि ट्रक कोंडीत अडकला की कोरडे कपडे, राहुट्या सगळंच अडकतं. म्हणून खांद्यावरच्या पिशवीत मोज्यांचा एक जोड आणि रोजची औषधं प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावीत. पावसात भिजल्यावर ‘पांडुरंगाची इच्छा’ म्हणणं सोपं जातं, पण ते कोरड्या मोज्यांत जास्त मनापासून म्हणता येतं.

उरलेल्या चिडचिडीची सोय वारीतच आहे. इथं लहानथोर सगळेच माउली. ‘माउली, माझ्या पायावरून पाय काढा’ असं म्हटल्यावर भांडण पुढं सरकत नाही. विसाव्याला फुगडी सुरू झाली की सकाळपासून कण्हणारी आजीच आधी पदर खोचून उठते. हे कोडं मला सुटलेलं नाही.

आणि खरी तक्रार असेल तर ती संध्याकाळच्या समाजआरतीला मांडायची. चोपदारांनी दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात; ज्या दिंडीचं गाऱ्हाणं आहे तिचे मात्र वाजतच राहतात. मग चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याची निघण्याची वेळ सांगतात. ती नीट ऐकावी, कारण ट्रकमध्ये सामान त्याच्या बरंच आधी भरावं लागतं.