रावेन्ना, सतरा जण आणि खोलीवर राहिलेला पासपोर्ट

इटलीत बोलोन्याला शिकायला येऊन सात महिने झाले होते, तेव्हा आमच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ग्रुपची शनिवार-रविवारची सहल ठरवायचं काम मी अंगावर घेतलं. सतरा जण, एक रात्र. बहुतेकांना व्हेनिस हवं होतं, मी रावेन्नासाठी अडून बसले. पाचव्या-सहाव्या शतकातलं मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं, रावेन्नात जसं टिकलंय तसं फार थोड्या ठिकाणी आहे, आणि हे गाव आमच्यापासून साध्या पॅसेंजरने सव्वा तासावर. इतक्या जवळ राहून ते न बघता घरी परतायचं, हे मला पटतच नव्हतं.

पहिली अडचण संपाची. इथे रेल्वेचा संप अचानक होत नाही, तो आधी जाहीर करावा लागतो आणि वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर तारखा दिसतात. मी ती यादी उघडली ती राहायची जागा बुक करून, पैसे भरून झाल्यावर. शनिवारी रात्री नऊपासून रविवारी रात्री नऊपर्यंत संप! कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरलेल्या गाड्या सोडाव्याच लागतात, रविवारी लोकल गाड्यांना ती हमी नसते. पैसे परत मिळणार नव्हते. शेवटी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं, की रविवारी नऊनंतरच्या गाडीने परतू, उशीर होईल, सोमवारी सकाळी ज्यांची परीक्षा आहे त्यांनी विचार करून हो म्हणा. सतराच्या सतरा जण हो म्हणाले. तुम्ही अशी सहल ठरवणार असाल तर संपाची यादी आधी बघा आणि मगच पैसे भरा.

तिकिटांचं काम त्या मानाने सोपं. सान विताले चर्च, गाल्ला प्लाचिदियाची समाधी, सांतापोल्लिनारे नुओवो चर्च वगैरे मिळून एकच तिकीट निघतं, विद्यार्थ्यांना सवलत असते. गाल्ला प्लाचिदियाची वेळ मात्र आधी ठरवून घ्यावी लागते, कारण ती वास्तू एवढीशी आहे की आत मोजकीच माणसं सोडतात, तीही पाच मिनिटं. आम्ही दोन तुकड्या केल्या.

शनिवारी अकराला रावेन्नाला उतरलो. सामान टाकायला मुक्कामाच्या जागी गेलो आणि काउंटरवरच्या बाईंनी सगळ्यांची ओळखपत्रं मागितली. युरोपातल्या मुलांनी आपापली कार्डं काढली. आम्हा बाकीच्यांचं तसं नसतं. बाहेरच्या देशातून आलेल्या विद्यार्थ्याने आल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत पोस्टात जाऊन राहण्याच्या परवान्याचा अर्ज भरायचा. हातात पावती मिळते, प्रत्यक्ष कार्ड यायला महिने जातात. तोवर पासपोर्ट आणि ती पावती, दोन्ही जवळ हवंच. हे मी ग्रुपवर तीनदा लिहिलं होतं. तरी आमचा नागपूरचा मुलगा सॅक उलटीपालटी करून माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला.

"ताई, पासपोर्ट तर खोलीवरच राहिला. मोबाइलवर फोटो आहे, चालंल का?"

चाललं नाही. बाई नम्रपणे पण ठाम बोलल्या. प्रत्येक पाहुण्याची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवावी लागते, मूळ कागद बघितल्याशिवाय त्यांना ते करता येत नाही. त्यांचं म्हणणं योग्यच होतं. मी त्याच्या रूममेटला फोन लावला. हा ब्राझीलचा मुलगा, सहलीला येणारच नव्हता. झोपेतून उठून त्याने टेबलाच्या खणातून पासपोर्ट काढला आणि पुढची गाडी पकडली. दीडच्या सुमारास स्टेशनवर उतरला तेव्हा नागपूरकराने त्याला मिठीच मारली. आता आलाच आहेस तर थांब, असं सगळ्यांनी म्हटल्यावर तोही थांबला. काउंटरवर त्याला एक खाट मिळाली, तिकीट खिडकीवर आमच्यामागच्या वेळेत जागा.

आता ती पाच मिनिटं.

गाल्ला प्लाचिदिया बाहेरून विटांची साधी, बुटकी इमारत. गाल्ला प्लाचिदिया ही रोमन सम्राटाची मुलगी, तिचं नाव या समाधीला आहे, दफन मात्र तिचं बहुधा रोममध्ये झालं. वाकून आत गेलो तर काहीच दिसेना. खिडक्यांना काच नाही, अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे आहेत, त्यातून मधासारखा उजेड झिरपतो. अर्ध्या मिनिटाने डोळे सरावले आणि डोक्यावरचा निळा रंग दिसू लागला. गडद, रात्रीचा निळा, त्यावर सोनेरी चांदण्यांची वर्तुळं, आणि बाजूच्या कमानीच्या छतावर पैठणीच्या पदरासारखी दाट फुलं. सोनेरी तुकड्यांत काचेच्या दोन थरांमध्ये खऱ्या सोन्याचा वर्ख असतो. तुकडे जरा जरा तिरके बसवलेले, त्यामुळे आपण एक पाऊल सरकलो की चमक दुसरीकडे जाते. एका बाजूला पाणी प्यायला आलेली हरणं. नागपूरचा मुलगा शेजारी मान वर करून उभा होता, सकाळपासून पहिल्यांदाच गप्प. वेळ संपल्याचं सांगितलं गेलं तेव्हा कुणाचाच पाय निघत नव्हता.

सान विताले (इ.स. 547) तिथेच, त्याच आवारात. मोझेइकमध्ये सम्राट जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा समोरासमोर, आपापल्या लवाजम्यासकट. पण मला खरं धरून ठेवलं ते सांतापोल्लिनारे नुओवोने. हे चर्च गॉथ राजा थिओडोरिकने बांधलं. पुढे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सत्ता आली आणि त्याच्या दरबाराची चित्रं काढून त्या जागी पांढरे पडदे जडवले. खांबांवर आलेले हात मात्र तसेच राहिले. नीट बघितलंत तर खांबावर एक पंजा दिसतो, बोटं स्पष्ट, आणि त्या हाताचा माणूसच नाही. पंधराशे वर्षं तो हात तिथे आहे. आम्ही तो शोधत तिथे बराच वेळ काढला.

खाण्याचं एक सांगते, शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा. इथली पियादिना दिसायला आपल्या जाड पोळीसारखी, पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी असते. ऑलिव्ह तेलातली आहे का, हे विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी मिळते. त्यात स्क्वाक्वेरोने नावाचं मऊसूत चीज आणि रॉकेट नावाच्या पालेभाजीची पानं. मी दोन दिवसांत चार खाल्ल्या.

संपामुळे रविवारी जवळच्या क्लासे गावी जाणं रद्द केलं, पण दुपार हाताशी उरली. दान्तेच्या समाधीवर गेलो. फ्लॉरेन्सने हद्दपार केलेला हा कवी 1321 साली रावेन्नात वारला. फ्लॉरेन्सने पुढे त्याच्या अस्थी मागितल्या, तेव्हा इथल्या साधूंनी त्या लपवून ठेवल्या, त्या सापडल्या थेट 1865 मध्ये. आत एक दिवा तेवत असतो, त्याचं तेल दर वर्षी फ्लॉरेन्सहून येतं. आमच्यातली फ्लॉरेन्सची मुलगी तिथे बराच वेळ उभी राहिली. आम्ही बाहेर थांबलो.

रात्री नऊनंतर गाडी लागली, वीस मिनिटं उशिराने. दोन दिवस दर ठिकाणी मोजायची सवय झाली होती, म्हणून डब्यात चढल्यावरही मोजलं. अठरा.