तुम्ही विचारलंत म्हणून : मालक नसलेला फुटबॉल क्लब खेड्यात चालतो का?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो : "तीनशे-चारशे लोकांनी मिळून क्लब काढायचा आणि मालक कुणीच नाही, हे आपल्या खेड्यात जमेल का? शेवटी ज्याच्या खिशात पैसा, त्याचाच क्लब होतो ना?"

जमतं. पण दुसरी शंका खरी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल.

चाहत्यांच्या मालकीचा क्लब ही कल्पना परदेशी वाटते, तरी तिचा गाभा आपल्या गावच्या सेवा सहकारी सोसायटीत आहेच. तिथे भाग एक असो की पन्नास, सभासदाचं मत एकच. इंग्लंडमध्ये २००२ साली विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला. तो अगदी खालच्या लीगमधून सुरू झाला आणि नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. मँचेस्टरमध्ये २००५ साली एफसी युनायटेड निघाला. तिथेही एका सभासदाला एकच मत, आणि जर्सीवर प्रायोजकाचं नाव लावायचं नाही असं त्यांनी ठरवलं. आपल्याकडे केरळात तिरुअनंतपुरमला त्रावणकोर रॉयल्स हा क्लब याच मार्गाने उभा राहिला.

आता ताबा कसा जातो ते पाहा, कारण सोसायटीत जे होतं तेच इथेही होतं. निवडणुकीच्या महिनाभर आधी कुणीतरी दीडशे जणांची वर्गणी एकरकमी भरतो आणि सगळी मतं त्याच्या खिशात जातात. याला तोड क्लबच्या घटनेतच, म्हणजे नियमावलीतच हवी. मतदानाचा हक्क त्यालाच, ज्याची वर्गणी आमसभेच्या किमान सहा महिने आधी जमा झाली. प्रत्येक पावती सभासदाच्या स्वतःच्या नावाची, नोंदवहीत त्याची सही आणि मोबाईल नंबर. पाच हजारांच्या वर देणगी देणाऱ्याचे आभार मानायचे, नाव फलकावर लावायचं, पण जास्तीचं मत किंवा समितीतली खुर्ची द्यायची नाही. मयत आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं दरवर्षी वाचून कमी करायची. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते टाळलं जातं आणि पुढे तीच नावं 'मतदान' करतात.

'मालकी' या शब्दाने गैरसमज होतो, तोही पहिल्याच दिवशी दूर करा. सभासदाला नफ्यातला वाटा मिळत नाही. त्याला हिशोब पाहण्याचा, समिती निवडण्याचा आणि बदलण्याचा हक्क मिळतो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात जण लागतात, आणि नोंदणी धर्मादाय कार्यालयात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही होते. नोंदणी सहसा होऊन जाते, अडतं पुढे. नवी समिती निवडून आली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे नव्या नावांची नोंद करायचा अर्ज, दाखल करावा लागतो. तो राहून गेला की परिशिष्ट एकवर, म्हणजे त्या कार्यालयातल्या संस्थेच्या अधिकृत नोंदीत, जुनीच नावं राहतात आणि बँक नव्या खजिनदाराची सही घेत नाही. दोन गट पडले की खातंच अडकतं आणि लीगची प्रवेश फी भरायलाही पैसे निघत नाहीत. आमसभा संपली की त्याच आठवड्यात ठरावाची प्रत घेऊन वकिलाकडे जायचं, एवढं एक पाळलं तरी बरंच वाचतं.

पैशाचं वेळापत्रक पिकाप्रमाणे लावा. जून-जुलैत घरातली रोकड बियाण्यात आणि खतात गेलेली असते, तेव्हा वर्गणी मागितली की माणूस तोंड चुकवतो आणि पुढे मैदानावरही येत नाही. सोयाबीन निघून विकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आसपास पहिला हप्ता, आणि कापसाची वेचणी संपत आल्यावर दुसरा. मजुरी करणाऱ्यांना महिन्याला थोडे थोडे देणं सोपं जातं. समजा ३०० सभासद वर्षाला ५०० रुपये देतात, तर जमा १,५०,०००. बाहेरगावच्या एका सामन्याला दोन क्रुझर गाड्या, जेवण, पाणी आणि खेळाडूंचा भत्ता मिळून १२,००० धरले, तर दहा सामन्यांतच १,२०,००० संपतात. उरलेल्या ३०,००० मध्ये चेंडू, जाळ्या, पंचांचं मानधन आणि औषधपेटी. म्हणून पहिल्या वर्षी किती सामने खेळायचे हे उत्साहावर ठरवू नका, जमा झालेल्या पावत्यांवर ठरवा. येणं बाकी असलेली वर्गणी जमेत धरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

मैदानाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडची काळी माती हीच मोठी अडचण. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. एखाद्या भेगेत बुटाचा पुढचा भाग अडकला की घोटा गेला. पूर्ण मैदानावर मुरूम टाकावा असं सगळ्यांना वाटतं. हिशोब करा : १०० मीटर लांब आणि ६४ मीटर रुंद मैदानावर १० सेंटिमीटरचा थर म्हणजे ६४० घनमीटर, सुमारे २२६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) वेगळं. गावाच्या क्लबला हे झेपत नाही. त्यापेक्षा गोलसमोरच्या दोन्ही पेनल्टी क्षेत्रांपुरता मुरूम टाका. त्याला सुमारे ४७ ब्रास लागतो, दाबल्यावर बसतो म्हणून थोडा जास्त मागवा. इंचापेक्षा मोठा खडा वेचून काढा, नाहीतर गोलकीपरचे कोपर आणि गुडघे सोलून निघतात. बाकी मैदानाला मध्यापासून दोन्ही बाजूंना शंभरात एक असा उतार द्या. ६४ मीटर रुंदीला मध्यभाग कडेपेक्षा ३२ सेंटिमीटर उंच येतो. मग पाऊस पडला की हरळी लावा. वावरात जिच्या मुळ्या काढता काढता जीव जातो, ती इथे माती धरून ठेवते.

गोलपोस्टला ४ इंची जीआय पाइप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ११.४ सेंटिमीटर, आणि नियमाने १२ पर्यंत चालतो. आतून आतपर्यंत ७.३२ मीटर, आडव्या दांड्याची खालची कड जमिनीपासून २.४४ मीटर. सहा मीटरच्या पाच पाइपांत दोन्ही गोल होतात : दोन पाइपांचे प्रत्येकी तीन-तीन मीटरचे चार खांब, दोन पाइप आडव्या दांड्यांना, आणि पाचव्यातून त्यांना जोडायचे दीड-दीड मीटरचे दोन तुकडे. जोड मधोमध आला की दांडा वाकतो, म्हणून तो एका टोकाकडे घ्या आणि आतून लहान पाइपचा तुकडा घालून वेल्डिंग करा. खांब अर्ध्या मीटरच्या आसपास जमिनीत जातो, पण काळ्या मातीत तेवढ्यावर भागत नाही. खड्डा तीन फूट खोल घेऊन तळाला मुरूम ठोका, वर काँक्रीट भरा. नाहीतर पहिल्या पावसाळ्यानंतर एक खांब वर येतो. उचलून ठेवायचे गोल असतील तर मागचा पाया खुंट्यांनी बांधल्याशिवाय मुलांना जवळ जाऊ देऊ नका. पडलेल्या गोलाखाली मुलं दगावतात.

जागा शाळेची असो की ग्रामपंचायतीची, ठराव लेखी घ्या, आणि त्यात वर्षं व वापराचे दिवस लिहून घ्या. तोंडी परवानगी सरपंच बदलला की संपते.

खेळाडूंचं थोडक्यात. संघ अर्धव्यावसायिक, म्हणजे कुणी गवंडीकाम करतो, कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे १६०० मीटर धावतो. भत्ता कमी असला तरी चालतो, पण सामन्याच्याच दिवशी, व्हाउचरवर सही घेऊन द्या. नागपूर-कामठीहून खेळाडू आणायचे तर एका सामन्यात जास्तीत जास्त किती, हे आमसभेत ठरवून घ्या. अंतिम सामन्यात अकरापैकी आठ बाहेरचे दिसले की पुढच्या दिवाळीला वर्गणी अर्धी होते. दुसऱ्या क्लबकडे नोंद असलेला खेळाडू खेळवलात तर जिंकलेल्या सामन्याचे गुणही जाऊ शकतात. लीगची फी भरण्याआधी तुमच्या जिल्ह्याची संघटना वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी, म्हणजे महाराष्ट्राच्या राज्य फुटबॉल संघटनेशी, संलग्न आहे का, ते विचारा.

आणि सुरुवात जर्सीने करू नका. आधी छापील पावती पुस्तकं आणा, अनुक्रमांक १ पासून. रद्द झालेली पावती फाडून टाकायची नाही, आडवी रेघ मारून मूळ आणि स्थळप्रत दोन्ही पुस्तकातच ठेवायच्या.