सोमवारी दुकान उघडायचंय

शनिवारी दुपारी एकला मी माझ्या औषधाच्या दुकानाचं शटर ओढते. डिचोलीत दुपारी दुकानं बंद होणं ही काही बातमी नव्हे. सगळा गोवा त्या वेळी पंख्याखाली आडवा असतो. फरक इतकाच, की त्या शनिवारी माझं शटर चारला पुन्हा वर जात नाही. चारला मी चोर्ला घाट चढून कणकुंबीच्या पुढे गेलेली असते, आणि झेनच्या मागच्या सीटवर दोन जादा चाकं, जॅक, पायपंप, हत्यारांची पेटी, हेल्मेट आणि आईने दिलेला नेवऱ्यांचा डबा एकमेकांवर आपटत असतात.

कोल्हापूरजवळ एक छोटा ट्रॅक आहे. मुळात तो गो-कार्टसाठी बांधलेला, पण अधूनमधून मोटारवाल्यांनाही एखादा रविवार मिळतो. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि शर्यत असते ती घड्याळाशी. तिथे येणाऱ्या बऱ्याच गाड्या फ्लॅटबेड ट्रकवर बसून येतात, धुतलेल्या, पुसलेल्या, मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या राहिलेल्या. माझी मात्र स्वतःच्या चाकांवर येते. नाकावर चिलटं मेलेली, दारांवर खानापूर तालुक्याची तांबडी माती.

शर्यतीची गाडी म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे उभं राहतं, ते काही माझ्या दारात नाही. २००१ ची मारुती झेन आहे, ९९३ सीसीची, बाबांनी घेतलेली. जीए ०४ नंबरची. पंधरा वर्षं झाल्यावर तिची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि दर खेपेला गाडी तपासणीला उभी करताना मला आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेल्यासारखं वाटतं. तिच्यात मी केलेले बदल सांगण्यासारखे नाहीत. शॉकअॅब्सॉर्बर नवे, ब्रेक पॅड चांगले, आणि मऊ रबराचे दोन टायर. दोनच, कारण झेनची सगळी ओढ पुढच्या चाकांवर आहे. मागची चाकं नुसती वरातीत आल्यासारखी मागून येतात. याहून जास्त काही करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीने बनवलेल्या गाडीत मूलभूत फेरफार करू देत नाही. ट्रकवरून फिरणाऱ्या गाडीला हॉर्न नसला, सायलेन्सर नसला, मागची सीट काढून लोखंडी पिंजरा बसवला तरी ट्रॅकवर कोणी विचारत नाही. माझ्या गाडीला मात्र पीयूसी लागतं, वायपर लागतात, आणि आईला देवळात न्यायला मागची सीट लागते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. माझ्या म्यानात त्या राहतात, फक्त दोन्ही थोड्या बोथट आहेत.

साखळी गावातले आमचे मेस्त, म्हणजे गाडी दुरुस्त करणारे मिस्त्री, दरवर्षी एकच सल्ला देतात, “बाय, हिका ट्रकार घाल.” त्यांच्या ओळखीतला एक ट्रकवालाही आहे. पूर्वी त्याचा खनिजाचा टिप्पर होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा तो दारात उभा राहून गंजला. पुढे तो विकून त्याने फ्लॅटबेड घेतला, आणि आता तो कळंगुटच्या बाजूला पर्यटकांनी गटारात घातलेल्या भाड्याच्या गाड्या उचलतो. माणूस भला आहे. एकदा मी मेस्तांचं ऐकलंही.

ते कोइमतूरला. शर्यतपटू एस. करिवर्धन यांच्या नावाचा तिथला करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आहे, आणि निदान एकदा तरी त्यावर गाडी चालवायची असं मनात होतं. अंतर फार, म्हणून झेन ट्रकवर चढवली आणि मी मडगावहून रेल्वेने गेले. ट्रकच्या भाड्यात माझ्या दुकानाचं दोन महिन्यांचं भाडं निघालं असतं, पण दुःख त्याचं नाही. तिथे पोचल्यावर गाडी उतरवली, मी आत बसले, आणि मला ती ओळखेना. खरं तर मलाच ती ओळखता येईना. कोल्हापूरला जाताना दोनशे किलोमीटरमध्ये गाडी सगळं सांगून टाकते. डाव्या बाजूने हलकी टकटक येतेय, क्लच आज जरा वर धरतोय, तिसऱ्या गिअरला कुरकुर आहे. बेळगावपर्यंत माझ्याकडे तक्रारींची यादी तयार असते आणि संकेश्वरपर्यंत त्यातल्या अर्ध्या मी खोट्या ठरवलेल्या असतात. कोइमतूरला हे काहीच झालं नव्हतं. पाहुणी म्हणून आलेल्या गाडीत पाहुणी म्हणून बसले, पहिल्याच वळणाला उशिरा ब्रेक दाबला आणि मातीत जाऊन थांबले.

तेव्हापासून पुन्हा आपली चाकं आणि आपला रस्ता.

परदेशात गाडीमागे छोटा ट्रेलर जोडून त्यावर शर्यतीची गाडी नेतात. आपल्याकडे ट्रेलरची वेगळी नोंदणी करावी लागते, आणि तो ओढायला एक दणकट गाडी हवी. म्हणजे एका गाडीच्या शौकापायी दुसरी गाडी आणि तिसरं धूड पाळायचं. बाबा असते तर म्हणाले असते, म्हशीपेक्षा रेडकू जड. पण चालवत जाणं ही केवळ गरिबांची तऱ्हा आहे असं समजू नका. १९५३ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या जॅग्वार कंपनीच्या गाड्या इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीहून फ्रान्सपर्यंत रस्त्याने चालवत नेल्या होत्या. त्या साली त्यांना डिस्क ब्रेक होते आणि बाकीच्यांचे जुन्या धर्तीचे ड्रम ब्रेक तापून दमत असताना यांच्या गाड्या वळणाच्या तोंडापर्यंत वेग राखून जात. मेस्तांना हे सांगितलं, तर म्हणाले, त्यांच्या वाटेत चोर्ला घाट नव्हता.

मेस्तांचं हे म्हणणं मी हसण्यावारी नेलं, ती चूकच झाली. जाताना घाट चढायचा असतो आणि येताना उतरायचा. म्हणजे ब्रेक नवेकोरे असतात तेव्हा त्यांना काही काम नसतं, आणि दिवसभर ट्रॅकवर झिजून, तापून त्यांचा जीव गेला की समोर सगळा उतार. भूगोलाने माझ्यावर घेतलेला हा सूड आहे. माझं घर बेळगावात असतं तर हा लेख इथेच संपला असता.

ब्रेक ऑइलबद्दल मी जरा जास्त बोलते. माझा धंदाच बाटल्यांचा आहे. औषधाच्या बाटलीवर तारीख असते, आणि उघडल्यावर किती दिवसांत संपवा हेही कित्येकदा लिहिलेलं असतं. ब्रेक ऑइल नेमकं तसंच आहे, कारण ते हवेतली ओल पितं. डॉट ४ या प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे. ओल प्यायलेल्या ऑइलसाठी तोच निकष १५५ वर येतो. आता गोव्याची हवा घ्या. आमच्याकडे जूनमध्ये मीठ वाहतं, पापड लवतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अशा हवेत अर्धी बाटली झाकण लावून ठेवली तरी मला तिच्यावर भरवसा नसतो. म्हणून दर मोसमाला मी नवी बाटली फोडते, उरलेल्या बाटलीवर गोळ्यांच्या पाकिटाला लावतात तशी चिठ्ठी चिकटवते, आणि ‘उघडल्याची तारीख’ लिहिते. मेस्त ती चिठ्ठी वाचून हसतात. मग गुपचूप स्वतःच्या बाटलीवरही तारीख घालतात, मी पाहिलंय.

गेल्या जानेवारीतली फेरी सांगते.

निपाणीच्या पुढे एक टेम्पो लागला. मागे ताडपत्री अर्धी उघडी, आणि आत दोन बैल. काय बैल होते! अंग तेलासारखं चकाकणारं, पाठीवर झूल, शिंगांना रंग, खाली पेंढ्याची गादी, आणि शेजारी उभा एक पोऱ्या त्यांच्या मानेवर हात ठेवून. शर्यतीला निघालेले, उघडच होतं. मी मागून लाइट न मारता बराच वेळ त्यांच्या मागोमाग राहिले. शर्यतीचा बैल चालत नेत नाहीत, त्याचे पाय जपतात. त्यातला एक माझ्याकडे बघत रवंथ करत होता. त्या नजरेचा अर्थ मी ‘आणि तू चालत निघालीस?’ असाच लावला.

ट्रॅकच्या फाटकात शिरताना दर वेळी माझ्या पोटात एक बारीक खड्डा पडतो, आणि तो वेगाच्या भीतीने नाही. खाजगी मोटारीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी धरलेली नसते. म्हणजे डिचोलीपासून त्या फाटकापर्यंत वाटेत मला म्हैस धडकली तर कंपनी बघून घेईल. फाटकाच्या आत मात्र माझं मीच बघायचं. तिथे एक खांब आहे. तो ओलांडला की मी आपोआप सरळ बसते.

मग पसारा. तपासणीला गाडीत सुटी वस्तू चालत नाही, पायपुसणीसुद्धा नाही. ताडपत्री अंथरून सगळं बाहेर काढायचं. स्टेपनी, जॅक, छत्री, डॅशबोर्डवरचा गणपती (चिकटवलेला आहे, तरी मी काढते), नेवऱ्या, कुठल्याशा पावसाळ्यापासून सीटखाली राहिलेली एक चप्पल. शेजारच्या ट्रकवाल्यांकडे रंगीत ट्रॉल्या, हत्यारं उतरंडीने लावलेली. आमच्याकडे लग्नघर. हेडलाइटच्या काचांवर फुलीसारखी पट्टी मारायची, म्हणजे फुटली तर काच पसरत नाही. दारावर पट्टीनेच नंबर. मला २७ मिळाला.

पहिल्या फेऱ्या बऱ्या गेल्या. दुसऱ्या खेपेला एका मुलाच्या गाडीचा ड्राइव्हशाफ्ट गेला. चौघांनी ढकलली, विंचने ट्रकवर चढवली, आणि तो हात पुसून मिसळ खायला गेला. मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोला. त्या मुलाला गाडी संपवता येते. मी शेवटच्या वळणात जाताना डोक्यात कुठेतरी सोमवार नऊ वाजताचं शटर असतं, इन्शुलिन न्यायला येणाऱ्या बाई असतात, आणि उजवा पाय आपोआप एक केसभर वर येतो. घड्याळात तो केस अर्ध्या सेकंदाचा दिसतो.

तरीही तिसऱ्या खेपेला मी तो पाय उचलला नाही. का ते माहीत नाही, बहुधा बैलामुळे. सगळ्यात चांगली वेळ लागली, आणि पुढच्याच फेरीत ब्रेकचं पेडल स्पंजासारखं खाली गेलं. ऑइल उकळून नळीत वाफ झाली होती. थंड होईपर्यंत हँडब्रेक ओढायचा नसतो, म्हणून चाकाखाली वीट लावली आणि डबा उघडून बसले. पॅड बदलावेत म्हणून पेटीत हात घातला, आणि आठवलं. पॅडचा जादा सेट दुकानात, खोकल्याच्या औषधांमागे.

ड्राइव्हशाफ्टवाला मुलगा मिसळ खाऊन परतला होता. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली पडून नट सैल करायचा. “दाबा... धरा... सोडा.” मी खाली, तो आत. चिठ्ठी लावलेली बाटली संपेपर्यंत हे चाललं. बाटलीवरची तारीख वाचून तो म्हणाला, “ताई, तुम्ही मेडिकलवाल्या का?” नेवऱ्या त्याने चार खाल्ल्या.

पेडल पुष्कळसं परतलं, पॅड मात्र पातळच. टायर बदलले, पायपंपाने रस्त्याच्या मापाची हवा भरली, काचांवरच्या पट्ट्या सोलल्या आणि निघाले. बेळगावात कुंदा घ्यायला थांबले, खरं म्हणजे चाकांचा वास घ्यायला थांबले. चोर्ल्याच्या माथ्यावर रात्र झाली होती आणि धुकं होतं. तिथून केरीपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, ब्रेकला होता होईल तो न शिवता, इंजिनच्या जोरावर गाडी धरून. मागून एक भाजीचा टेम्पो हॉर्न वाजवून वैतागला आणि पुढे गेला. मग एक दुधाची गाडी. मग एक स्कूटरवाला, मागे बायको आणि मध्ये मूल. त्या दिवशी कोल्हापुरात मी घड्याळाशी भांडून अर्धा सेकंद मिळवला होता. चोर्ल्याला स्कूटरने मला मागे टाकलं. काचेवर पट्टीचा गोंद राहिला होता, त्यामुळे समोरच्या धुक्यात उजेडाच्या मध्ये एक फिकट फुली पडत होती, वळणावळणाला.

केरीच्या नाक्यावरून मेस्तांना फोन केला. “पावली?” “पावलें.” “ब्रेक?” मी जरा थांबले. “सकाळी गाडी घेऊन येते.”

पण सकाळी आधी दुकान होतं. नऊ वाजता शटर वर, गाडी समोर लावलेली, धुवायची राहिलेली. साडेनऊला आमचे नेहमीचे एक आजोबा रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आले. पायरीवर टेकले, गाडीच्या दाराकडे बघत बराच वेळ काही बोलले नाहीत. मी गोळ्या पुढे केल्या तर हात मागे घेतला.

“नको, बाय. सत्तावीस नंबर चाललाय ना? मी थांबतो.”