गोयाने राजाची थट्टा केली होती का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. स्पॅनिश चित्रकलेवर बोलताना पडद्यावर फ्रान्सिस्को गोयाने रंगवलेलं ‘चौथ्या कार्लोसचं कुटुंब’, म्हणजे स्पेनच्या राजघराण्याचं चित्र आलं, की कुणीतरी गालातल्या गालात हसत हे विचारतंच. इतके बावळट चेहरे, म्हणजे चेष्टाच असणार!

मला तसं वाटत नाही. १७९९मध्ये गोयाला दरबाराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, चित्रकाराचं पद मिळालं, तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. एवढी वाट पाहून मिळालेल्या पदावर वर्षभरात पाणी सोडायला तो खुळा नव्हता. १८००मध्ये आरान्हुएथच्या राजवाड्यात त्याने एकेकाला समोर बसवून चेहऱ्यांचे अभ्यास रंगवले. म्हणजे काय उतरतंय हे त्या माणसांना दिसत होतं. पुढेही त्याचं पद गेलं नाही.

मग आपल्याला हसू का येतं? एक तर १८०८मध्ये नेपोलियनने फ्रान्समधल्या बायोनला कार्लोस आणि त्याचा मुलगा फर्नांदो, या बाप-लेक दोघांकडूनही मुकुट काढून घेतला, हे आपल्याला ठाऊक असतं. दुसरं, राजाने कसं दिसावं याची आपली कल्पनाच वेगळी. राजाची बहीण मारिया होसेफा बघा: कानशिलावर मोठा काळा ठिपका, तेव्हाच्या फॅशनचा. ती तो मिरवत होती, गोयाने तो रंगवला. मान वळवून उभी असलेली, चेहराच न दिसणारी तरुणी बहुधा युवराजाची भावी वधू असावी. ती अजून ठरलीच नव्हती, तर तोंड कुणाचं काढणार? राणी मात्र बरोब्बर मधोमध, राजा बाजूला. कारभार कुणाच्या हाती होता, ते दरबारात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

माझा जीव अडकतो तो चित्रातल्या पदकांत. लांबून हिरे लखलखतात. जवळ गेलं की नुसते रंगाचे फटकारे. गोयानंतरचा दरबारी चित्रकार विसेन्ते लोपेझ अगदी उलटा, कापडाचा धागा न् धागा मोजणारा. त्यानेच १८२६मध्ये ऐंशी वर्षांच्या गोयाचं व्यक्तिचित्र केलं. राजघराण्याच्या चित्रासारखं तेही माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातच आहे. हातात ब्रश आणि रंगपाटी, कपाळाला आठी, नजर थेट आपल्यावर. राजघराण्याच्या चित्रात हाच गोया डावीकडे, मागे अंधारात, कॅनव्हासपाशी उभा आहे. हसत नाहीये.