सोळा घरं आणि एक मींड

रोलँड या जपानी कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ हे बासचं सिंथेसायझर काढलं ते एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून. त्यातून बास गिटार सोडून बाकी सगळं ऐकू येई. तीनेक वर्षांत उत्पादन बंद पडलं, जुन्या बाजारात भाव कोसळला, आणि शिकागोतल्या पोरांनी ते चालू ठेवून बटणं पिळायला घेतली. अ‍ॅसिड हाऊस हा नाचाच्या संगीताचा प्रकार निघाला तो त्या पिळण्यातून.

आज लॅपटॉपवर तो आवाज काढायला बसलेला माणूस आधी फिल्टरवर, म्हणजे आवाज गाळणाऱ्या भागावर, तुटून पडतो. खरं तर ते पाच मिनिटांचं काम. एकच ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारा भाग), सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लहर). २४ डीबीचा लो-पास (खालचा आवाज जाऊ देणारा फिल्टर), कटऑफ (गाळायची सीमा) ३०० हर्ट्झच्या आसपास, रेझोनन्स (त्या सीमेवरचा ठसका) पाऊण. फिल्टरच्या एन्व्हलपला (सुरागणिक फिल्टर उघडून मिटवणारा भाग) अटॅक (चढ) आणि सस्टेन (टिकाव) शून्य, डिके (उतार) ३०० ते ४०० मिलिसेकंद. की-ट्रॅकिंग (सुराच्या उंचीप्रमाणे कटऑफ हलणं) बंद. दुसरा ऑसिलेटर किंचित बेसूर करून जोडायचा मोह होतोच. जोडला की आवाज गुबगुबीत होतो आणि चावायचा थांबतो.

एवढं जमूनही वाजतं ते दारावरच्या घंटेसारखं, कारण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, राहिलेली असते. यंत्रावर तिला स्लाइड म्हणतात. जवळचा सूर असो वा वरच्या सप्तकातला, ती साधारण ६० मिलिसेकंदांतच पोचते. चाल सोळा घरांची, एक घर म्हणजे पाव ठोका; मिनिटाला १२५ ठोक्यांच्या टेम्पोला सोळांतलं एक घर १२० मिलिसेकंदांचं, म्हणजे निम्मं घर सरकण्यातच जातं. म्हणून ग्लाइड (सॉफ्टवेअरमधली स्लाइड) ‘कॉन्स्टंट टाइम’वर हवा, ‘रेट’वर ठेवला तर लांबची उडी रेंगाळते. सिंथ मोनो (एका वेळी एकच सूर) आणि लेगॅटो (सूर न तोडता जोडणारा), आणि मींड हवी तिथेच पहिला सूर दुसऱ्यावर थोडा चढवायचा. त्या दुसऱ्या सुराला एन्व्हलप पुन्हा सुटता कामा नये, नाहीतर मींडेच्या मधोमध ठोका बसतो. बाकीचे सूर अर्ध्या घरात तोडायचे. सोळांत तीन-चार मींडा पुरतात. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली याच डब्याच्या साथीने राग वाजवले, ते काही उगाच नव्हे.

अ‍ॅक्सेंट त्याहून खट्याळ: निवडक सुरावर दिलेला जोर. तो नुसता आवाज वाढवत नाही, फिल्टर जास्त उघडतो आणि डिके २०० मिलिसेकंदांवर आणतो. शिवाय लागोपाठ आले की सर्किटमधला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) मधल्या वेळेत पुरता रिकामा होत नाही, म्हणून तिसरा अ‍ॅक्सेंट पहिल्यापेक्षा जोरात किंचाळतो. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसेल तर व्हेलॉसिटी (सुराच्या जोराचा आकडा, कमाल १२७) कटऑफला जोडून साधे सूर ७०वर आणि अ‍ॅक्सेंट १०५, ११५, १२७ असे चढते ठेवा. व्हेलॉसिटी रँडम केली की संपलं.

डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा इफेक्ट) फिल्टरनंतर, रेझोनन्सने पातळ झालेला आवाज तिथे भरतो. रिव्हर्ब (घुमारा) जवळजवळ नकोच.

राहिली चाल. मूळ यंत्रात सूर वेगळे भरायचे आणि वेळ वेगळी. हमखास चुकायचं, आणि बऱ्याचदा चुकलेलंच छान वाजायचं. लॅपटॉपवर ती चूक मुद्दाम करावी लागते: मींडा आणि अ‍ॅक्सेंट जागच्या जागी ठेवून फक्त सूर एक घर पुढे ढकलायचे.