दिवा लवकर विझत होता

डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. कोथरूडमधून एका ताईंचा फोन आला. त्या घरी केकच्या ऑर्डरी घेतात. "दादा, ओव्हन नीट तापत नाही. एक जण बघून गेला, म्हणाला खालचा रॉड गेलाय, एवढ्या जुन्यावर खर्च करू नका, नवाच घ्या." नाताळचे केक तोंडावर आले होते, त्यामुळे आवाजातली काळजी लपत नव्हती.

ओव्हन भिंतीतल्या कपाटात बसवलेला, विजेवरचा. ताई म्हणाल्या, केक वरून फिकट राहतो, मध्ये कच्चा, बाहेर काढला की खचतो. आणि बोलता बोलता, "नानकटाई मात्र छान होते." हे वाक्य मी ऐकलं आणि पुढे गेलो. तिथेच माझा तासभर वाया गेला.

एमसीबी पाडून आम्ही दोघांनी ओव्हन बाहेर ओढला. मागचं झाकण काढलं. खालचा रॉड १२०० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ४४ ओहम यायला हवेत. मीटरवर ४५ आले. वरचा रॉडही ठीक. बॉडीला विजेची गळती नाही, टर्मिनल काळी पडलेली नाहीत. ओव्हन चालू करून मोजलं तरी व्होल्टेज २२६. म्हणजे रॉड मेल्याचं निदान मीटर न लावताच झालं होतं. एका बाईच्या चालत्या धंद्याचं साधन असं भंगारात काढायला सांगणं मला मान्य नाही.

आता संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला रॉड चालू-बंद करणाऱ्या भागावर. पिशवीत नवा होता, बसवून मोकळा होण्याचा मोह झाला. पण या ओव्हनच्या थर्मोस्टॅटला तांब्याची बारीक नळी असते, तिच्या टोकाला द्रव भरलेला सेन्सर. द्रव तापून फुगला की आतला संपर्क तुटतो आणि रॉड बंद होतात. द्रव गळला तर संपर्क सहसा तुटतच नाही, ओव्हन जास्त तापतो. इथे उलटं होत होतं.

मधल्या जाळीवर थर्मामीटर ठेवला, वरचा-खालचा असे दोन्ही रॉड लावले, बटण १८० वर. चार मिनिटांत लाल दिवा विझला, म्हणजे रॉड बंद झाले. तेव्हा आत जेमतेम ९५ अंश होते. अर्धा तास थांबलो, काटा १२५ ते १४० मध्येच घुटमळत राहिला.

तेव्हा नानकटाई आठवली.

"ताई, नानकटाई कोणत्या सेटिंगवर करता?"

"पंख्यावर. केक मात्र दोन्ही रॉडवर."

पंख्यावर लावून पाहिलं, काटा १७५ च्या आसपास पोचला. थर्मोस्टॅट तोच, बटण तेच. पंख्याच्या वेळी त्याच्याभोवतीचा गोल हीटर चालतो, वरचा रॉड बंद असतो. म्हणजे वरचा रॉड चालू झाला की सेन्सर फसत होता.

ओव्हन गार होऊ दिला आणि टॉर्च घेऊन आत डोकावलो. छताच्या कोपऱ्यातल्या क्लिपमधून सेन्सर सुटून खाली आला होता. वरच्या रॉडपासून बोटभर अंतरावर लोंबत होता. रॉड लाल झाला की त्याची आच थेट सेन्सरवर, आणि केकच्या भांड्यापर्यंत ऊब पोचायच्या आतच सगळं बंद. ताईंनी दिवाळीच्या सफाईत ओव्हन आतून घासला होता. त्रास तेव्हापासूनचाच.

जुनी क्लिप सैल झाली होती, म्हणून स्टीलची नवी लावली. ती नळी फार हळू वाकवावी लागते, मुडपली तर थर्मोस्टॅट बादच. पुन्हा अर्धा तास, पुन्हा दोन्ही रॉड. काटा आता १७० ते १९० मध्ये खाली-वर होत होता. थर्मोस्टॅटच्या ओव्हनमध्ये एवढं व्हायचंच.

मी हत्यारं आवरत होतो. ताईंनी ओव्हन गार झाल्यावर स्वतः पुन्हा लावला आणि मोबाइलवर वेळ धरून समोर उभ्या राहिल्या. दिवा विझायला अकरा मिनिटं लागली. मग त्यांनी लोणी बाहेर काढलं.