पाडव्याची बाकी

दिवाळी पाडवा, रात्री साडेदहा. कोपरखैरणे.

आज मार्केट बंद. सकाळी ओवाळून घेतलं, दुपारी दोन तास गाढ झोपलो, आणि आता खाली पोरांचे फटाके चाललेत तर मी माझी लाल चोपडी उघडून बसलोय. बाकीच्यांचं वाचनाचं वर्ष डिसेंबरात संपतं, माझं पाडव्याला. शेठ लक्ष्मीपूजनासाठी नव्या चोपड्या आणतात. गाळ्याचा हिशेब केव्हाच कॉम्प्युटरवर गेला, पण पूजेला कॉम्प्युटर मांडून कसं चालेल? त्यातली एक चोपडी दर वर्षी माझ्या वाट्याला येते. डावीकडे पुस्तकाचं नाव आणि सुरू केल्याची तारीख, उजवीकडे संपल्याची तारीख आणि एका ओळीचा शेरा. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात २६ वर्षं दिवाणजीगिरी केल्यावर माणूस दुसऱ्या कुठल्या पद्धतीने लिहिणार?

यंदाची बेरीज २३. गेल्या साली ६१ होती. आधी जरा लाजच वाटली. मग गेल्या सालची चोपडी काढली, उजवीकडचा शेरा तळहाताने झाकला आणि नुसती नावं वाचत गेलो. चाळीसेक नावांपुढे डोक्यात काहीच उमटेना. एक तर मी चार महिन्यांच्या अंतराने दोनदा वाचलंय आणि दोन्ही वेळा ‘बरं आहे’ लिहिलंय! म्हणजे ते ६१ आकडा वाढवण्यासाठीच होते. दिवाळी अंक मी मोजत नाही, नाहीतर तोही आकडा फुगला असता.

यंदाच्या २३ पैकी मनात राहिलेल्या कुठल्या नावांपुढे फुली मारायची, हे ठरवायला मात्र पाच मिनिटंही लागली नाहीत. चार फुल्या. मारून झाल्यावर लक्षात आलं की चारांतल्या तीन पुस्तकांत पैशाची ओढाताण आहे. धंद्याची सवय, दुसरं काय.

पहिली फुली गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ला. विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे, म्हणजे आमच्या पनवेलच्या पलीकडचेच. घरावर कर्ज, म्हणून उत्तरेत मोठा यज्ञ आहे असं ऐकून दक्षिणा मिळवायला निघाले, आणि नेमकं साल निघालं १८५७. लोक हे पुस्तक बंडासाठी वाचतात, झाशीसाठी वाचतात. मी वाचत गेलो तो त्यांच्या कनवटीकडे बघत. किती मिळाले, किती लुटले गेले, आता किती उरले? झाशीच्या राजवाड्यातला ग्रंथसंग्रह लुटला गेला ते पान मी पटकन उलटलं, बघवलं नाही. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी भेटते आणि आपण अर्ध्या शेर तांदळाच्या धनीण असं म्हणते, तिथे मात्र थांबलो. अर्धा शेर म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. एका विधवेला जगायला एवढं पुरे होतं, हे ती मापात सांगते. कर्ज फेडायला गेलेला हा माणूस शेवटी गंगेची कावड घेऊन घरी येतो. त्यांनी हे लिहिलं १८८३ मध्ये, आणि छापलं गेलं १९०७ मध्ये, चिंतामणराव वैद्यांनी हात फिरवून. २४ वर्षं बाड तसंच पडून होतं. आमच्याकडे २४ दिवस येणं थकलं तर शेठ जेवत नाहीत.

दुसरी फुली ‘स्मृतिचित्रे’ला. लक्ष्मीबाई टिळक. हे मी तिसऱ्यांदा वाचलं, पण पहिल्या दोन वेळी त्यांच्या नवऱ्याच्या, कवी नारायण वामन टिळकांच्या, ख्रिस्ती धर्मांतराकडेच लक्ष होतं. या वेळी घरखर्चाकडे. टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही, आणि उद्या चूल कशी पेटणार हा प्रश्न बाईंच्या गळ्यात. ते सगळं त्या हसत सांगतात. मी बायकोला म्हटलं, हा नवरा किती बेहिशेबी बघ. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “अहो, पावसाळ्यात छत्री आणायला ठाण्याला गेला होतात, आणि पिशवीत काय आणलंत ते आठवतंय का?” आठवतंय. छत्री अजून घ्यायचीय.

‘धग’ने सगळ्यांत जास्त दिवस खाल्ले. उद्धव शेळक्यांची १९६० ची कादंबरी, विदर्भातलं शिंप्याचं घर. वऱ्हाडी बोली कानात बसेपर्यंत पहिली वीस पानं दोनदा वाचली. पण एकदा कौतिक समोर उभी राहिली की ती हलत नाही. नवरा महादेव हातपाय गाळणारा, आणि ही एकेक टाका घालून संसार धरून ठेवणारी. दिवसभर मी पट्ट्या काढतो. शेतकऱ्याचा माल किती आला, काय भावाने गेला, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. खाली जो आकडा उरतो तो कधीकधी इतका लहान असतो की प्रिंटर बिघडलाय असं वाटावं. ‘धग’ वाचत होतो त्या आठवड्यात मी एका पट्टीवर ४१२ च्या जागी ४२१ लिहिले. नऊ रुपयांची चूक. शेठनी पकडली, मी माझ्या खिशातून भरले. मुद्दाम केलं का? नाही बहुतेक.

चौथी फुली ‘रणांगण’ला, आणि इथे माझा पैशाचा सिद्धांत कोसळतो. विश्राम बेडेकरांनी १९३९ मध्ये लिहिलेलं एवढंसं पुस्तक. युरोपातून निघालेली बोट, चक्रधर आणि हेर्टा. ती जर्मन ज्यू. मुंबई येते, तो उतरतो, तिला उतरता येत नाही. ठाण्याहून येताना लोकलमध्ये सुरू केलं, घरी येऊन दिवा न लावता खिडकीशी संपवलं. शेऱ्याची जागा कोरी आहे. तीन महिन्यांनी आज काही लिहावं म्हणून पेन टेकवलं आणि परत उचललं.

माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ मध्यावरच आहे. १८६३ चं पुस्तक, चवीचं आहे, पण चार पानांवर मला झोप येते. दोष पुस्तकाचा नाही, मी तीनला उठतो. श्रीमंत कसं व्हावं हे सांगणारं एक जाडजूड भाषांतर शेठच्या मुलाने भेट दिलं होतं. ते गाळ्यातल्या वजनकाट्याखाली आहे, काटा एका बाजूला कलत होता.

आता ‘बनगरवाडी’. तिची नोंद डावीकडे आहे, उजवीकडे नाही, म्हणून ती २३ मध्ये धरलेली नाही.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, आणि मी शाळेत होतो तेव्हापासूनचा तिथला वाचक. कोपरखैरण्याला राहायला आलो तरी सभासदत्व सोडलं नाही. लोकलने वीसेक मिनिटं तर लागतात. श्रावणात तिथून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुन्हा आणली, धनगरांच्या वाडीवर येऊन तालीम बांधणाऱ्या तरुण मास्तरची कादंबरी. दुपारी दीडच्या सुमाराला गाळ्यात काम थंड असतं. गाड्या खाली झालेल्या, पंख्याच्या वाऱ्याने कांद्याची सालं जमिनीवर फिरत असतात, मी पानं उलटत असतो. आमच्या हमालांच्या टोळीचे मुकादम समोर गोण्यांवर तंबाखू मळत बसले होते. गाव म्हसवडकडचं.

“दिवाणजी, ही बनगरवाडी कुठली ओ?”

“तुमच्याच माणदेशातली.”

मग शेकूचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. शेकूला एकच बैल, दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू खांद्यावर घेते, ते. मला वाटलं, मुकादम हळहळतील. त्यांनी तंबाखू ओठाखाली धरली आणि म्हणाले,

“त्यात नवल न्हाई. आमच्या थोरल्या चुलतीनं वढलंय. रातच्याला तिच्या खांद्याला त्याल कुणी लावलं, ते लिवलंय का?”

मी पान मागे-पुढे केलं. इतक्या वेळा वाचलेलं पुस्तक, पण हा प्रश्न घेऊन कधी वाचलंच नव्हतं. त्या दिवशी दुपारची चहाची वेळ टळली. मुकादमांनीच शेवटी हात पुढे केला. “चार दिस द्या. पोरगी वाचून दाखवंल.”

चार दिवसांचे दोन महिने झाले. मध्ये एकदा विचारलं तर म्हणाले, पोरगी परीक्षेत आहे, आता दिवाळीत गावी नेतो, आईला ऐकवायचंय. पुस्तक माझ्या नावावर. तारीख उलटून गेलीय, दंड मी माझ्याच खाती टाकलाय आणि पुस्तक मित्राकडे आहे असं काउंटरवर सांगून आलोय. आधी ‘एका मुकादमाकडे आहे’ असं म्हणणार होतो, जिभेवर आलंही होतं. का बदललं कोण जाणे.

नव्या चोपडीवर आज गंध-फूल वाहून झालं. पहिली ओळ लिहिली: मागील बाकी, येणे, ‘बनगरवाडी’, प्रत १.

सकाळी मुकादमांचा पाडव्याचा फोन आला होता. मागे कुणीतरी बाई मोठ्याने बोलत होती, कोंबड्यांचा आवाज होता.

“दिवाणजी, रोज रातचं वाचतोय. आई लई मन लावून ऐकती. तालमीपातुर आलोय. मास्तर जिद्दीचा गडी हाय, म्हणती.”

मी म्हटलं, सावकाश वाचा, घाई नाही.

तालमीनंतर दुष्काळ आहे, हे काही मी सांगितलं नाही.